ऑनलाइन राजकीय चर्चेतून प्रत्यक्ष आंदोलन का उभं राहत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की माणसं रोज फोनवर राजकारणावर तावातावाने लिहितात, मग धरण्याला मोजकीच डोकी का दिसतात, आणि लिहिणं हेही आंदोलनच का मानू नये. मी इंदूरचा, परदेशीपुऱ्यात मिलमजुरांच्या वस्तीत वाढलेला. त्यामुळे इथल्या हुकुमचंद कापड मिलबद्दल बोलल्याशिवाय मला याचं उत्तर देता येणार नाही.

ही मिल १२ डिसेंबर १९९१ला बंद पडली आणि ५,८९५ कामगार बेकार झाले. थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, सगळं अडकलं. २००७मध्ये हायकोर्टाने २२९ कोटींची देणी ठरवली. पैसे मिलची जमीन विकून द्यायचे होते, पण जमीन राज्य सरकारची की नगर निगमची यावरच वाद. तो मिटला तर लिलावाला गिऱ्हाईक मिळेना. शेवटी राज्याच्या गृहनिर्माण मंडळाने ती जमीन घेतली, आणि २५ डिसेंबर २०२३ला सुमारे २२४ कोटींचा चेक कामगारांसाठी दिला गेला. तोवर बत्तीस वर्षं गेली होती. दोन हजारांहून जास्त कामगार पैशांची वाट बघत वारले.

या सगळ्या काळात कामगार दर रविवारी मिलच्या आवारात जमत राहिले. सुरुवातीला कोणाकडे मोबाइल नव्हता, नंतर सगळ्यांकडे आला, तरी रविवार चुकला नाही. अशा बैठकीत फार मोठं काही घडत नसतं. कोर्टाची पुढची तारीख सांगतात. कोण वारलं ते कळतं, त्याच्या बायकोकडे वारसाचा कोणता कागद कमी आहे ते पाहतात. भाषण ऐकायला आलेला माणूस दुसऱ्या महिन्यात यायचा बंद होतो. हा कंटाळा वर्षानुवर्षं सोसणं, मला वाटतं, हाच चळवळीचा मोठा भाग आहे, आणि फोनवर नेमका तोच नसतो. तिथे दर दोन दिवसांनी नवा विषय येतो, जुना कोणी शेवटाला नेत नाही. मत मांडलं की आपला वाटा दिला असं मनापासून वाटतं, आणि माणूस खोटा नसला तरी काम तिथेच थांबतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ऑनलाइन चर्चेत पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही कुठल्या पक्षाचे हे ठरतं. मग बोलणं तुटलेल्या ड्रेनेजबद्दल असो की शाळेबद्दल, समोरचा पक्षालाच उत्तर देतो. आंदोलनाला मात्र न पटणारी माणसंही लागतात. १९७०च्या जुलै-ऑगस्टमध्ये इंदुरात नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन झालं. विद्यार्थी होते, 'अभ्यास मंडळ' या शहरातल्या संस्थेची मंडळी होती, एरवी निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढणारे पक्ष होते. मागणी एकच: नर्मदेचं पाणी इंदूरला आणा. मुख्यमंत्री श्यामाचरण शुक्ल यांच्या सरकारला योजना मान्य करावी लागली, आणि १९७८मध्ये सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्याचा चढ चढून पाणी शहरात आलं. आज आपण नळ उघडतो तेव्हा त्यात त्या सगळ्या झेंड्यांची मेहनत असते.

लिहिणं फुकट जातं असं मी म्हणत नाही. ज्या बाईला घरातून चौराह्यावर येऊ देत नाहीत, तिचं म्हणणं फोनमुळेच बाहेर येतं. माहितीच्या अधिकारात मिळालेलं उत्तर एका संध्याकाळी सगळ्या कॉलनीला दाखवता येतं. पण त्यासाठी आधी कोणीतरी अर्ज केलेला असावा लागतो.

म्हणून तुम्हाला खरंच काही सुरू करायचं असेल तर विषय लहान घ्या, आणि त्याचं उत्तर देणं कोणाचं काम आहे ते आधी शोधा. वॉर्डचा पार्षद म्हणजे नगरसेवक, झोनचा अधिकारी, जे असेल ते. मध्य प्रदेशात कलेक्टर कचेरीत दर मंगळवारी जनसुनवाई असते, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर बसून ऐकतात. तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच मागून घ्या. १८१ या राज्याच्या सीएम हेल्पलाइनवर तक्रार केलीत तर ती बंद करा म्हणून फोन येऊ शकतो. काम झाल्याशिवाय 'समाधान झालं' म्हणू नका, मग ती तक्रार आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. माहितीच्या अधिकाराला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर पहिलं अपील करा, मध्य प्रदेशात त्याला पन्नास रुपये फी लागते. आणि मंगळवारी जाताना कॉलनीतला तो एक माणूस सोबत घ्या, ज्याच्याशी ग्रुपवर तुमचं रोज भांडण होतं. ड्रेनेज त्याच्याही दारात तुंबतं, आणि दोन वेगळ्या पक्षांची माणसं एकाच अर्जावर सह्या करून उभी राहिली की अधिकाऱ्याला 'हे विरोधकांचं काम आहे' असं म्हणून अर्ज बाजूला सारता येत नाही.