‘मीटिंगमध्ये आहे’ असं किती दिवस सांगणार?

जर्मनीतून एका वाचकाचं पत्र आलंय. घर सांगलीत, विश्रामबागला. मुलगी तीन वर्षांची, बायकोचीही नोकरी, म्हणून याला आठवड्यातला एक दिवस काम कमी करायचंय. साहेबाला काय कारण सांगू, आणि वडिलांना कळू न देता हे कसं जमवू, असे दोन प्रश्न.

साहेबाचं सोपं आहे. कारण सांगावंच लागत नाही. २०१९ पासून तिथं ‘ब्र्युकनटाइलत्साइट’, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं कमी तास काम करण्याचा हक्क आहे. कंपनीत ४५ पेक्षा जास्त माणसं असतील आणि तुम्हाला सहा महिने झाले असतील, तर एक ते पाच वर्षांसाठी तास कमी करून मागता येतात. मुदत संपली की पूर्ण तास परत. अर्ज तीन महिने आधी, लेखी. किती तास, किती काळ, सुट्टी कोणत्या वारी, एवढंच लिहा. आईच्या आजारपणाची कहाणी कुणी मागितलेली नाही. मुदतीच्या मध्ये तास बदलून मिळण्याचा हक्क नसतो, हे धरून चाला. ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा तिथला परवाना) असाल तर नवा पगार त्यासाठीच्या किमान मर्यादेखाली जात नाही ना, ते अर्जाआधी तपासा.

खरी गोची वडिलांची. उन्हाळ्यात तुमच्याकडं दुपारचे तीन म्हणजे इकडं संध्याकाळचे साडेसहा. त्यांचा फोन येतो, तुम्ही पाळणाघराच्या दारात, आणि ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून कापता. मागं पोरीचा आवाज येतोच की! बाबा काही खुळे नाहीत. उद्या त्यांना वाटेल नोकरीच गेली, आणि तो घोर थेट तुम्ही भरत असलेल्या फ्लॅटच्या कर्जाच्या हप्त्यावर जाईल.

म्हणून आधी हप्त्याचा हिशेब करा. पाचातला एक दिवस गेला की पगार पाचव्या हिश्शानं घटतो. करही कमी बसतो, त्यामुळं हातातली घट बहुधा त्याहून थोडी कमी. (पेन्शनची भर घटते, ते बायकोशी बोलून घ्या.) भागत नसेल तर बँकेकडून मुदत वाढवून मिळते का विचारा. व्याज एकूण जास्त जाईल, तेही बाबांना सांगा. मग सरळ बोला: ‘बाबा, नोकरी शाबूत आहे. मीच एक दिवस कमी मागून घेतलाय, पोरीसाठी. हप्ता चालू राहील.’ घरच्या ग्रुपवर टाकू नका. आत्याकडून कळलं तर राग दुप्पट.

‘पोर सांभाळायला सूनबाई आहे की’ असं ते म्हणतीलच. तुम्हाला म्हणाले तर ऐकून घ्या. तिला ऐकवायला लागले, तर मात्र त्याच फोनवर सांगा की हे मी ठरवलंय, तिनं नाही.