'का' नावाची वस्ती

प्रश्न : अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात 'व्हाय', म्हणजेच 'का', या नावाची वस्ती आहे, हे खरे आहे काय? तिला 'अनइन्कॉर्पोरेटेड' का म्हणतात? (एक वाचक, सातारा)

उत्तर : होय. ही वस्ती पिमा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग), अजो या गावापासून सुमारे 10 मैल दक्षिणेला, सोनोरन वाळवंटात आहे. राज्य महामार्ग 85 आणि 86 येथे ज्या तिठ्यावर मिळत, त्याचा आकार पूर्वी इंग्रजी 'वाय' या अक्षरासारखा होता आणि त्यावरूनच वस्तीला नाव पडले. एकाक्षरी नाव राज्याच्या नियमात बसत नव्हते, किमान तीन अक्षरे आवश्यक होती, म्हणून उच्चार कायम ठेवून 'व्हाय' हा शब्द स्वीकारला गेला, असे सांगितले जाते. पुढे अपघात टळावेत म्हणून महामार्ग खात्याने तो तिठा 'टी'च्या आकाराचा केला. त्यामुळे आज तेथे जाणाऱ्याला नावाचे कारण डोळ्यांना दिसत नाही.

'अनइन्कॉर्पोरेटेड' म्हणजे स्वतःची नगरपालिका नसलेली वस्ती. तेथे महापौर नसतो, नगरपरिषद नसते, आणि पोलीस, बांधकाम परवाने यांसारखी कामे काउंटीकडे असतात. आपल्याकडील वाडी आठवेल, परंतु वाडी निदान एखाद्या ग्रामपंचायतीत तरी मोडते. येथे पिमा काउंटीचा कारभार थेट टूसॉन या तिच्या मुख्य शहरातून चालतो. कायद्याने ठरलेली हद्दच नसल्यामुळे लोकसंख्या मोजण्यासाठी जनगणना खात्याला स्वतः सीमा आखावी लागते. 2010 मध्ये त्या सीमेत 167 माणसे राहत होती.

अशा वस्तीला नाव देणारी अधिकृत सनद नसते. त्यामुळे अमेरिकेत असंख्य लहान वस्त्यांची नावे तिठा, गिरणी, दुकान किंवा टपाल कचेरी यांवरून रूढ झाली, आणि त्यांतही टपाल खात्याचा वाटा मोठा होता, कारण एका राज्यात एकाच नावाच्या दोन कचेऱ्या ते चालू देत नसे. सरकारी वापरातील भौगोलिक नावांत एकसूत्रीपणा यावा म्हणून 1890 मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी स्वतंत्र मंडळ नेमले. या मंडळाचा हात केवळ लहान वस्त्यांपुरता राहिला नाही : सनद असलेल्या पिट्सबर्गसारख्या मोठ्या शहराच्या नावातील शेवटचा 'एच' मंडळाने 1891 मध्ये काढून टाकला, आणि तो परत मिळवायला शहराला 1911 पर्यंत थांबावे लागले.