स्टुडिओचं भाडं भरण्याआधी

फोंडा

सप्रेम आशीर्वाद.

तुमच्या मेटल बँडची आठही गाणी ऐकली. तिसऱ्याची रिफ, म्हणजे ती परत परत येणारी गिटारची ओळ, डोक्यातून जाता जात नाही. पाचव्याच्या मधल्या भागात मात्र तुम्ही चौघांनी नुसता वेळ काढलाय. तो निम्म्यावर आणा.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ कोणता घ्यावा, असं तू विचारलंयस. परवडेल तो घ्या. पण ‘तिथे गेल्यावर बघू’ असं काही शिल्लक ठेवून जाऊ नका. तिथे तासाचा मीटर पळत असतो. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश मेटल बँडनं पहिला आल्बम 1969 च्या ऑक्टोबरात लंडनला जवळपास एका दिवसात वाजवून टाकला, कारण क्लबांमधून वाजवून वाजवून ती गाणी हातात बसली होती. उलट मेटालिका या अमेरिकन बँडनं 1991 च्या आल्बमसाठी बॉब रॉकला निर्माता घेतलं, महिनोन् महिने घालवले, आणि खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला. तुमच्या खिशाचा अंदाज मला आहे, तेव्हा सॅबथचीच वाट धरा.

आधी प्रत्येक गाण्याचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला ठोके किती, ते कागदावर उतरवा. ड्रमर क्लिकवर, म्हणजे कानातल्या टिकटिकीवर, वाजवायला कुरकुरतो म्हणे. कुरकुरू दे, पण महिनाभर घरी क्लिकवरच वाजव म्हणावं. दोन्ही पायांनी वाजवायचा डबल बेस ड्रम मागेपुढे झाला की वरची सगळी इमारत कलते, आणि मग इंजिनियर एकेक ठोका माउसनं सरकवत बसतो. त्या तासांचं बिल तुमच्याच नावावर.

आता गिटार. गेन, म्हणजे आवाज खरखरीत करणारी अँपची खुंटी, भरमसाट ठेवलाय. खोलीत ते छातीवर आदळतं, रेकॉर्डिंगमध्ये नुसता चिखल होतो. लाइव्हला ठेवता त्याहून बराच कमी करा. एकच रिफ डावीकडे एकदा आणि उजवीकडे पुन्हा नव्यानं वाजवून घ्यायची. पहिलाच टेक, म्हणजे एकदा वाजवून घेतलेलं, कॉपी करून दुसऱ्या बाजूला टाकला तर रुंदी येत नाही. दोन टेकमधल्या केसभर फरकामुळेच आवाज पसरतो. फरक केसभरच राहायला हवा, म्हणून पाम म्यूट, म्हणजे तळहातानं दाबलेली तार, नेमका कुठे सोडायचा, पिक सगळीकडे खालीच मारायचा की वर-खाली, हे दोघा गिटारवाल्यांनी आधी समोरासमोर बसून ठरवायचं. शिवाय ट्यूनिंग सी पर्यंत उतरवलंय आणि तारा अजून साध्याच आहेत. जोरात पिक मारला की सूर आधी वर चढतो, मग खाली येतो. तिसऱ्या गाण्यात स्पष्ट ऐकू येतं. जाड तारा लावा, इंटोनेशन करून घ्या, म्हणजे प्रत्येक पडद्यावर सूर नीट लागेल, आणि गिटारच्या मानेला स्थिरावायला चार दिवस द्या. आपल्या दमट हवेत याला पर्याय नाही. आणि अँपबरोबर गिटारचा कोरडा डीआय सिग्नलही, म्हणजे अँपमधून न जाता थेट आलेला आवाज, साठवायला सांगा. टोन पुढे पसंत पडला नाही तर तोच पुन्हा अँपमधून काढता, म्हणजे रीअँप करता येईल.

घरी गळा रेकॉर्ड करायचा बेत असेल तर जुलै टाळा. पत्र्यावरचा पाऊस सॉफ्टवेअरच्या कुठल्याच प्लगिननं निघत नाही, आणि वीज गेली तर टेकबरोबर कधी कधी फाइलही जाते.

चौथ्या गाण्यात घुमट, आपलं गोव्याचं मडक्याचं तालवाद्य, घालायचं तुमच्या मनात आहे. कल्पना आवडली. 2019 मध्ये गोवा सरकारनं त्याला वारसा वाद्य केलं म्हणून मात्र घालू नका. मडक्याच्या उघड्या तोंडावर डावा तळहात झाकता-उघडताना जो घुमारा निघतो, तो बास गिटार आणि किक, म्हणजे पायानं वाजणारा ड्रम, यांच्याच पट्ट्यात येऊन बसतो. त्या ओळींपुरता किक थांबवा, नाहीतर दोन्ही मरतील. बासची हेळसांड तर मुळीच नको. मेटालिकाच्या 1988 च्या आल्बमात बास जवळपास ऐकूच येत नाही, आणि लोक अजून त्यावरच बोलतात.

गाण्यांवर शेवटचा हात फिरवणाऱ्या मास्टरिंगवाल्याला ‘सगळ्यात मोठा आवाज दे’ म्हणू नका. स्पॉटिफाय डीफॉल्ट सेटिंगला आवाज साधारण -14 एलयूएफएसवर (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतं. तुमचा मोठेपणा तिथे कापला जातो आणि चेपलेले ड्रम तेवढे उरतात.

कागदाचं काम तुला कंटाळवाणं वाटेल, तरी पहिल्या टेकआधी करा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, टक्के किती, एका पानावर चौघांच्या सह्या. दोस्तीत हिशेब कसला, हे वाक्य बँड मोडेपर्यंतच गोड लागतं. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्या. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीपासून त्यांचा रॉयल्टीतला हक्क कुठलीही कंपनी स्वतःच्या नावावर लिहून घेऊ शकत नाही, हेही माहीत असू दे. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, लागतो. गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी चढवणारे बहुतेक डिस्ट्रिब्युटरच तो देतात.

आल्बम काढायला लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, शोधत बसू नका. आपले गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस 1984 मध्ये शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवत होते, आणि ब्लडीवूड या भारतीय मेटल बँडनं 2022 चा आल्बम स्वतःच काढला. प्रकाशनाला शुक्रवार धरा, पण फाइली महिनाभर आधी चढवा. प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं तर स्पॉटिफायला किमान सात दिवस आधी ते हवं असतं. गणेश चवथीच्या आसपासची तारीख बादच. ड्रमर गावी आरत्यांत अडकलेला असणार, आणि लाँच गिगला तुम्ही तिघंच एकमेकांची तोंडं बघाल.

येत्या रविवारी दुपारनंतर घरी आहे. बासवाल्याला गिटारसकट घेऊन ये, त्याच्या तारा मला बघायच्यात.

तुझा,
मास्तर