वाचक विचारतात : सीमेपलीकडचा नमुना कोण जुळवणार?

प्रश्न (खानापूर) : नात्यातल्या बावीस वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. घरच्यांना कळेपर्यंत दोन दिवस गेले. अंघोळ झाली, कपडेही धुतले. आता सिव्हिलला नेऊन काही उपयोग आहे का?

उत्तर : आहे, आजच न्या. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शरीरावरचे नमुने ९६ तासांपर्यंत घेतात. अंघोळीने वरवरचं जातं, आतले शुक्रजंतू इतक्या सहज जात नाहीत. धुतलेल्या सुती कपड्यातूनही डीएनए मिळू शकतो, म्हणून ते पुन्हा धुऊ नका, टाकूनही देऊ नका.

घोटाळा होतो तो कपडे ठेवताना. खानापूरच्या पावसात कपडा धड वाळत नाही, आणि तो ओलसरच कॅरीबॅगेत कोंबून गाठ मारली की आत जिवाणू आणि बुरशी वाढून डीएनए नासतो. कपडा उन्हात नको, सावलीत वाळवा. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा, शक्यतो एकाच माणसाने आणि हातमोजे घालून हाताळा. दवाखान्यात स्वॅबचंही तसंच : हवेत वाळवल्याशिवाय ते पाकिटात जाता कामा नयेत.

पोलिसांचं पत्र नाही म्हणून डॉक्टर परत पाठवू शकत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो वा खासगी, दवाखान्याने उपचार मोफत द्यायचे आहेत. एचआयव्हीप्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, पुराव्याइतकीच त्याचीही घाई करा. ‘दोन बोटांची तपासणी’ सुप्रीम कोर्टाने साफ नाकारली आहे, ती कुणी करू म्हटलं तर नकार द्या. संमतीचा अर्ज कन्नडमध्ये असेल तर मराठीत वाचून दाखवल्याशिवाय मुलीला सही करू देऊ नका.

प्रश्न (निपाणी) : एकाच माणसाने निपाणीत आणि पलीकडे कागलमध्ये असे गुन्हे केले, तर डीएनएवरून ते आपोआप जोडले जातात का?

उत्तर : आपोआप नाही, आणि सीमाभागातली खरी अडचण हीच आहे.

डीएनए प्रोफाइल म्हणजे आकड्यांची यादी. गुणसूत्रांवरच्या वीसेक ठरावीक जागी एक छोटा तुकडा किती वेळा पुन्हा येतो ते मोजतात. प्रत्येक जागी दोन आकडे मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. समजा एका जागी १४ आणि १७, दुसऱ्या जागी ९ आणि ११. दोन प्रयोगशाळांनी त्याच जागा तपासल्या असतील तर याद्या थेट शेजारी ठेवता येतात, आणि सगळे आकडे जुळले की संशयिताचं नावगाव माहीत नसतानाही दोन्ही गुन्ह्यांमागे एकच माणूस आहे हे कळतं.

पण शेजारी ठेवायच्या कुणी? निपाणीचा नमुना कर्नाटकच्या प्रयोगशाळेत, कागलचा महाराष्ट्राच्या. देशभरचे गुन्ह्यांचे डीएनए एकत्र ठेवणारी बँक उभारण्याचं विधेयक २०२३ मध्ये संसदेतून मागे घेतलं गेलं. आरोपींची ओळख पटवण्यासाठीच्या २०२२ च्या कायद्याने जैविक नमुन्यांच्या नोंदी ७५ वर्षे ठेवता येतात, पण त्यासाठी माणूस आधी पोलिसांच्या हाती लागलेला हवा. सराईत गुन्हेगार नेमका याचाच फायदा घेतो.

म्हणून मागणी लेखी करावी लागते. बेळगाव आणि कोल्हापूर, दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांना अर्ज द्या. त्यात दोन्ही गुन्हे क्रमांक, वेळ, गाडी, बोलण्याची भाषा, गुन्ह्याची पद्धत यांतलं साम्य लिहा आणि दोन्ही प्रोफाइल ताडून पाहण्याची विनंती करा. घटना पलीकडे घडली असली तरी निपाणी ठाण्याला झिरो एफआयआर नोंदवावी लागते. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर आता चालत नाही.

न तपासलेलं किट (पीडितेच्या तपासणीत घेतलेल्या नमुन्यांचा संच) काय लपवतं ते अमेरिकेतल्या डेट्रॉइटने दाखवलं. तिथे २००९ मध्ये गोदामात ११ हजारांहून अधिक किट पडून होती. ती तपासल्यावर एकाहून अधिक गुन्ह्यांशी जोडले गेलेले शेकडो संशयित समोर आले. उलटही घडतं. इंग्लंडमध्ये १९८३ आणि १९८६ च्या दोन खुनांचा गुन्हेगार एकच, हे डीएनएने सिद्ध झालं, पण त्याआधी याच तपासणीने कबुलीजबाब दिलेल्या एका निर्दोष तरुणाला सोडवलं होतं.

प्रश्न (बेळगाव) : संशयिताची नसबंदी झालेली आहे. मग पुरावा मिळणारच नाही?

उत्तर : मिळू शकतो. एरवी प्रयोगशाळा आधी स्त्रीच्या पेशी फोडून बाजूला काढते. शुक्रजंतूचं डोकं जास्त चिवट असल्याने ते तेवढ्याने फुटत नाही, म्हणून ते वेगळ्या रसायनाने नंतर उघडतात. शुक्रजंतूच नसतील तर हा मार्ग बंद होतो. मात्र वीर्यात पुरुषाच्या इतर पेशी असतात, आणि स्त्रीच्या पेशींच्या गर्दीतूनही पुरुषांमध्येच असणारं वाय गुणसूत्र तेवढं वाचता येतं.

यात एक मेख आहे. वाय बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं येतं. एका वाड्यात भावकी राहत असेल तर भाऊ, चुलते, पुतणे सगळ्यांचं प्रोफाइल एकच निघेल. वायवरून बाहेरच्याला वगळता येतं, पण घरातल्या एकावर बोट ठेवायला दुसरा पुरावा लागतो.

प्रश्न : ‘डीएनए मिळाला नाही’ असा रिपोर्ट आला म्हणजे केस पडली?

उत्तर : नाही. कंडोम, उशीर, खराब साठवण, कारणं बरीच असतात. पीडितेचा विश्वासार्ह जबाब एकटाही पुरेसा ठरू शकतो.

प्रश्न (चिकोडी) : नमुना जुळूनही आरोपी सुटतात, हे कसं?

उत्तर : बहुधा प्रयोगशाळेबाहेरच्या ढिलाईमुळे. दिल्लीतल्या छावला बलात्कार-खून प्रकरणात २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने आरोपींना सोडताना, नमुने ठाण्याच्या मालखान्यात अनेक दिवस पडून होते यावर बोट ठेवलं होतं. सील कुणी लावलं, पाकीट कुणाच्या हातात होतं, पोचलं कधी, यातला एक दुवा तुटला की बचाव पक्षाला तेवढं पुरतं. जुलै २०२५ मध्ये कोर्टाने सक्तीच केली : नमुना घेतल्यापासून ४८ तासांत तो प्रयोगशाळेत पोचवण्याची जबाबदारी तपास अधिकाऱ्याची, प्रत्येक हस्तांतराची नोंद वहीत, आणि खटला चालू असताना कोर्टाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही.

तेव्हा तिसऱ्या दिवशी तपास अधिकाऱ्याला भेटा आणि प्रयोगशाळेच्या पोचपावतीचा क्रमांक व तारीख विचारा. सांगायला टाळाटाळ झाली तर तेवढ्याच मुद्द्यावर पोलीस अधीक्षकांना अर्ज द्या, आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.