वाचकांचे प्रश्न : पडण्याच्या आदल्या दिवशी काय वापरत होत्या?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये एका नर्सिंग होममध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकतीच लागले आहे. एमडीएसमध्ये ‘पूर्वी वापरलेली उपकरणं’ असा भाग आहे. खुब्याचं ऑपरेशन होऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण वॉकर घेऊनच येतो. मग सगळ्यांनाच वॉकरवर खूण करायची का?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : नाही. आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

आधी इतर वाचकांसाठी थोडं. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं खासगी रुग्णालय. अमेरिकेत मात्र ही वृद्धांची किंवा रुग्णालयातून सुटलेल्यांची राहून शुश्रूषा आणि थेरपी घेण्याची जागा. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा. त्याच्या पार्ट ‘ए’खाली कोणी दाखल झालं की एमडीएस नावाचा लांबलचक मूल्यमापन-तक्ता भरतात. त्यातल्या जीजी ०११० मध्ये, म्हणजे ‘पूर्वी वापरलेली उपकरणं’ या भागात, पाच पर्याय आहेत : हाताने चालवायची व्हीलचेअर, मोटरवरची व्हीलचेअर किंवा स्कूटर, उचलण्याचं यंत्र, वॉकर, आणि कॅलिपर (हातापायाला आधार देणारी पट्टी) किंवा कृत्रिम अवयव. यांतलं काहीच वापरात नसेल तर ‘यापैकी नाही’. लागू असतील तितक्या खुणा करता येतात.

‘पूर्वी’ म्हणजे आत्ताचं दुखणं सुरू होण्याच्या किंवा जुनं दुखणं उफाळण्याच्या लगेच आधी. तुमच्या पेशंटला ऑपरेशननंतर रुग्णालयाने दिलेला वॉकर हा ‘नंतरचा’. तो इथे धरायचा नाही. उलट, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून घरात हेमी-वॉकर (एका हाताने धरायचा वॉकर) वापरात आहे आणि आता पडून खुबा मोडला, तर वॉकरवर खूण हवी. सहा वर्षांपूर्वी गुडघा बदलला तेव्हा आणलेला आणि आता गराजमध्ये धूळ खात पडलेला वॉकर मोजायचा नाही. वस्तू घरात आहे की नाही हे इथे विचारलेलंच नाही, ती वापरात होती का हे विचारलंय.

काठीला या यादीत जागाच नाही. फक्त काठी घेऊन चालणाऱ्या आजोबांचं उत्तर ‘यापैकी नाही’. चार पायांची काठीही काठीच : एकच दांडा, खाली चार छोटे पाय. हेमी-वॉकर मात्र एका हाताने धरायची, घडी होणारी, रुंद चौकट असते आणि ती वॉकरमध्ये जाते. घरचे दोन्हींना ‘चार पायांची काठी’च म्हणतात, तेव्हा फोनवर फोटो मागवा.

जीजी ०१२० हा वेगळा भाग आहे, गल्लत करू नका. तिथे मागच्या ७ दिवसांत नेहमी काय वापरलं ते विचारतात. तिथे काठी आणि कुबडी धरतात, आणि व्हीलचेअर ढकलत तिच्या आधाराने चालणं वॉकरमध्ये येतं.

माहिती कुठून घ्यायची? ‘तुम्ही काही वापरत होता का?’ असं विचारलंत तर ‘छे, मला कशाचीच गरज नव्हती’ हेच ऐकू येईल. त्याऐवजी विचारा : पडलात त्याच्या आदल्या दिवशी रात्री बाथरूमला कशा गेलात? दुकानात कशा जात होतात? बुटात प्लास्टिकची पट्टी घालत होतात का? मग तेच मुलाला किंवा सुनेला वेगळं विचारा. घरून वॉकर आला असेल तर उलटा करून बघा. पायांची रबरी टोपणं एका बाजूने झिजलेली असली तर तो चालवलेला आहे. टोपणं कोरी आणि दांड्याला दुकानाचं लेबल असेल तर पुन्हा विचारा. रुग्णालयाच्या कागदांतली ‘वॉकरने चालतात’ ही ओळ बहुतेकदा ऑपरेशननंतरच्या थेरपीची असते. तुम्हाला हवी आहे दाखल होण्याआधीच्या स्थितीची ओळ.

नोंद साधारण अशी असावी : ‘मुलीने सांगितलं : पडण्याआधी घरात रोज चाकांचा वॉकर, बाहेर लांब जायचं तर व्हीलचेअर, मुलगा ढकलायचा. कॅलिपर नाही.’ कोणी, कधी सांगितलं हे लिहिलं नाही तर तपासणीत ती खूण निराधार ठरते.

यात नुसती कागदपूर्ती नाही. या खुणांचा नर्सिंग होमच्या गुणवत्तेच्या हिशोबात वापर होतो. आधीपासून व्हीलचेअरवर असलेल्या बाईंची खूण राहून गेली तर त्यांच्याकडून अवास्तव सुधारणेची अपेक्षा धरली जाते. आणि सोयीसाठी नसलेल्या खुणा केल्या तर ती सरळ खोटी नोंद.

अजून एक. जीजी ०१०० मध्ये आजारापूर्वीच्या क्षमतेला आकडा देताना ‘वॉकर होता म्हणून थोडी मदत लागत होती’ असं समजून २ (थोडी मदत) देऊ नका. उपकरण घेऊन पण दुसऱ्या माणसाशिवाय सगळं करत असतील तर ३च (स्वावलंबी).

प्रश्न : माझ्या सासूबाई इथल्या नर्सिंग होममध्ये आहेत. पुण्याला जाता-येता विमानतळावर आम्ही त्यांच्यासाठी व्हीलचेअर मागवतो, म्हणून मी फॉर्मवाल्या नर्सला ‘हो, व्हीलचेअर वापरतात’ असं सांगितलं. बरोबर केलं ना?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाही, उद्याच जाऊन दुरुस्त करून घ्या. विमानतळावरची खुर्ची ही लांब चालणं आणि रांगा टाळण्याची सोय. घरी त्या स्वतःच्या पायांवर चालत असतील तर व्हीलचेअरवर खूण नको. सोबत खरं सांगा : घरात भिंत धरून चालत होत्या का, जिना कसा चढत होत्या, आंघोळीला कोण मदत करत होतं. भिंत आणि फर्निचर हे उपकरण नव्हे, पण थेरपिस्टला ते माहीत असायलाच हवं.

प्रश्न : घरी जिन्याला बसून वर जायची लिफ्ट आहे. तिचा यात संबंध येतो का?
– एक वाचक, शिकागो

उत्तर : येतो. जिन्याची लिफ्ट, झोळीने उचलायचं यंत्र, बसल्याचं उभं करणारं यंत्र ही सगळी ‘उचलण्याचं यंत्र’ या पर्यायात जातात, पण पेशंटला त्याची खरोखर गरज असेल तरच. वडील जिना पायांनी चढत होते आणि लिफ्टवरून फक्त किराणा वर जात होता, तर खूण नाही.