टेकडी फोटोत उतरत नाही तेव्हा

प्रिय मित्रा,

तू पाठवलेले पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीचे चाळीस फोटो दोनदा पाहिले. रंग छान आहेत, गल्ल्याही छान, पण टेकडी कुठेच नाही. चढताना तुला धाप लागली असणार. ती धाप एकाही फोटोत नाही. माझ्या पहिल्या खेपेलाही हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चढ आपल्याला पोटऱ्यांमुळे कळतो, कॅमेऱ्याला पोटऱ्या नाहीत. फोटोत चढ दिसायचा तर शेजारी एक तरी सपाट गोष्ट हवी: खिडकीची चौकट, उंबरठा, कॅफेचं टेबल. माँमार्त्र 1860 मध्ये पॅरिसला जोडलं गेलं, त्याआधी ते वेगळं गाव होतं. तिथले जुने रस्ते टेकडीला वळसे घालत चढतात. रू लेपिक या रस्त्यावर सावकाश चाल. घरं सपाट उभी असतात आणि फूटपाथ त्यांच्या अंगावरून वर सरकत जातो. एका टोकाला खिडकी डोक्याच्या वर, दुसऱ्या टोकाला तीच ओळ कमरेशी. भिंत आणि फूटपाथ यांच्यामधली ती पाचर म्हणजे तुझी टेकडी. आधी तिचा फोटो काढ.

कॅमेरा किंचित वाकडा धरला तरी हे सगळं कोलमडतं. टेकडीवरच्या साक्रे-कर चर्चच्या शेजारी हिरवळीच्या उतारावरून दिसणारी ती इमारत तू नक्की पाहिली असशील. लोक कॅमेरा हिरवळीला समांतर धरतात आणि अख्खं घर जमिनीत बुडाल्यासारखं दिसतं. गंमत म्हणून ठीक आहे, पण त्यातून शिकायचं ते असं, की उतारावर सरळ काय मानायचं हे फोटो काढणाऱ्यानंच ठरवायचं असतं. तू भिंती सरळ मान. व्ह्यूफाइंडरमधली ग्रिड चालू ठेव. उंच इमारतीसाठी कॅमेरा वर वाकवण्याऐवजी मागे जा, नाहीतर दोन-चार पायऱ्या चढून उभा राहा. जुने फोटोग्राफर यूजीन आत्जे जुनं पॅरिस टिपायचे ते 18×24 सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटांवर, जड कॅमेरा आणि तिकाटणं स्वतः वाहून. भिंती सरळ राहाव्यात म्हणून ते कॅमेरा न वाकवता नुसती लेन्स वर सरकवायचे. त्यांच्या कित्येक फोटोंच्या वरच्या कोपऱ्यांत दिसणाऱ्या काळ्या कमानी त्यातूनच आल्या. कोपरे गेले तरी चालतील, भिंत ढळता कामा नये. हा हट्ट मला फार आवडतो.

पायऱ्यांचं वेगळं आहे. फ्युनिक्युलरला, म्हणजे टेकडी चढणाऱ्या केबल-रेल्वेला, लागून असलेल्या रू फॉयातिएवर 222 पायऱ्या आहेत. वाइड लेन्सनं त्या दूर पळतात आणि चढ मवाळ होतो. खाली, बऱ्याच लांब उभं राहून 85 किंवा 100 मिमीच्या लांब लेन्सनं बघ. पायऱ्या एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतील, आणि मधे एखादा माणूस हवाच. वजन उचलून चढणारा असेल तर अधिक चांगलं.

आता डिजिटल आणि फिल्म अशा दोन कॅमेऱ्यांबद्दल. डिजिटलवर काढलेला फोटो लगेच फिल्मवरही काढायचा, ही चूक मी पूर्ण सहा रोल केली. घरी येऊन शेजारी ठेवले तर फिल्मवरचे सगळे फोटो म्हणजे आधीच्यांच्या नकला होत्या. एकदा फोटो मिळाल्यावर डोळा सुस्तावतो. तू पहिला दिवस फक्त डिजिटल घेऊन जा. कुठल्या गल्लीत ऊन किती वाजता शिरतं, कुठला कोपरा कधी रिकामा असतो, हे टिपून ठेव. दुसऱ्या दिवशी एकच रोल, 36 फ्रेम, डिजिटल खोलीवर.

एक्स्पोजरची सवय मात्र बदलावी लागेल. साक्रे-करचा दगड पावसाच्या पाण्यानं कॅल्साइट सोडतो आणि पांढरा राहतो. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्या पांढऱ्याला करडं करून टाकतो, म्हणून भिंतीवर मीटर केलंस तर एक ते दीड स्टॉप वाढव (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). डिजिटलमध्ये त्याहून पुढे गेलास तर तपशील कायमचा जातो. निगेटिव्ह फिल्मचं उलटं आहे. ती जास्तीचा उजेड सोसते, पण अंधारात काही टिपलंच गेलं नसेल तर नंतर काढणार कुठून? म्हणून अरुंद गल्लीत सावलीचं मीटर घे. मीटर सावलीलाही करडं करतो, म्हणून त्याहून एखादा स्टॉप कमी दे. रात्रीच्या दिव्यांत फिल्म आळसावते. इल्फर्ड एचपी5 या कृष्णधवल फिल्मवर मीटरनं 10 सेकंद सांगितले तर जवळपास 20 दे.

साक्रे-करचा दर्शनी भाग दक्षिणेला आहे. भर दुपारी तो समोरून उजळून सपाट पडतो. सकाळी ऊन बाजूनं येतं आणि कोरीवकाम उठून दिसतं. तेव्हाच जा. प्लास द्यु तेर्त्र या जवळच्या चौकात चित्रकार बसायच्या आत तुझं काम उरकेल. ते आल्यावर फोटो काढायचा असेल तर आधी विचार. फ्रान्समध्ये माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क कायदा मानतो. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं: तो माणूस तिथं कामावर बसलेला असतो. चर्चच्या आत कॅमेरा बाहेर काढू नकोस.

परतताना रोल चेक-इन बॅगेत टाकू नकोस. हातात ठेव आणि हातानं तपासायची विनंती कर, विमानतळावरच्या नव्या सीटी स्कॅनरमधून गेलेली फिल्म धुरकट होते. रोल धुऊन आला की सगळ्या 36 फ्रेमचे स्कॅन पाठव, निवडलेले नकोत. तू कुठे थांबलास आणि कुठे घाई केलीस, ते मला त्या क्रमातच दिसेल.

तुझा,
काका