लातूरच्या मार्केट यार्डात आमची अडत, म्हणजे शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून द्यायचा धंदा आहे. सत्तरीतले वडील गादी सोडत नाहीत, काय करावं?

'आता आराम करा' असं म्हणू नका, त्यांना पुढचं काम द्या. कोणत्या शेतकऱ्याला किती उचल द्यावी, कोण शब्दाला पक्का, हे वहीत नसतं, त्यांच्या डोक्यात असतं. सोयाबीनची आवक ओसरली की त्यांच्यासोबत गावोगाव फिरा, ओळखी करून घ्या. सौद्याला मात्र तुम्हीच उभे राहा. तुम्ही दिलेला शब्द त्यांनी चारचौघांत फिरवायचा नाही, हे घरातच ठरवून घ्या. माझ्या मते सगळं इथंच अडतं.

भागीदारी असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वडिलांच्या निवृत्तीची जाहीर सूचना द्याच, नाहीतर फर्मच्या नव्या देण्यांतही ते अडकू शकतात. जीएसटी नोंदणीत हा बदल १५ दिवसांत नोंदवा. आणि दरमहा ठरलेली रक्कम थेट त्यांच्या खात्यात जाऊ द्या, खर्चासाठी त्यांना मागायला लावू नका.